मनकवड्या यंत्राचा एरर रेट

‘पोलिसांना माणसाच्या मनात डोकावू द्यावं का?’ हा वाद आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी नव्यानं रंगतो. एखादा खून गाजतो, वाहिन्यांच्या पट्टीवर ‘नार्को’ आणि ‘ब्रेन मॅपिंग’ हे शब्द धावू लागतात, आणि चर्चेला एका बाजूला निवृत्त पोलीस अधिकारी तर दुसऱ्या बाजूला मानवी हक्कांवर काम करणारे वकील बसतात. पहिला म्हणतो, खुन्याला कसलं आलंय खासगीपण? दुसरा म्हणतो, गप्प राहण्याचा हक्क घटनेनं दिलेला आहे. मी मतानं दुसऱ्या बाजूची आहे. तरी आज माझं भांडण मुख्यतः तिच्याशीच आहे. ‘मनात डोकावू नका’ असं कळकळीनं सांगताना, या यंत्राला मनात डोकावता येतं ही गोष्ट आपण फुकटात मान्य करून बसतो. समोरच्याला तेवढंच हवं असतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे एखाद्या बटणाचा रंग बदलायचा असेल तरी आधी तो थोड्या लोकांना दाखवून बघतात, आकडे काढतात, दोन जण कोड तपासतात, आणि काही बिघडलं तर मागे कसं फिरायचं हेही लिहून ठेवावं लागतं. एवढं करूनही रात्री दोनला फोन येतो, ते सोडा. सांगायचा मुद्दा हा की, पुण्यातल्या एका न्यायालयात एका सॉफ्टवेअरचं आउटपुट जन्मठेपेच्या निकालात जाऊन बसलं, आणि त्या सॉफ्टवेअरची याच्या निम्मीही तपासणी झालेली नव्हती.

प्रकरण जुनं आहे, पण संपलेलं नाही. जानेवारी २००७मध्ये पुण्यात एका तरुणाचा आर्सेनिकमुळे मृत्यू झाला. प्रसादातून विष दिल्याचा आरोप त्याच्या आधीच्या प्रेयसीवर आला. ती एमबीएची विद्यार्थिनी होती. तिला मुंबईला नेऊन तिची ‘बीईओएस’ चाचणी झाली. हे नाव ‘ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन्स सिग्नेचर’ याचं लघुरूप. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, डोळे मिटून गप्प बसायचं आणि टेपवरची वाक्यं ऐकायची. वाक्यं प्रथमपुरुषी असतात: मी आर्सेनिक विकत घेतलं, मी त्याला अमुक ठिकाणी भेटले. उत्तर द्यायचं नाही, मानही हलवायची नाही. कोणत्या वाक्याला ‘अनुभवजन्य ज्ञान’ आहे, म्हणजे ही गोष्ट या माणसानं स्वतः केलेली आहे, हे सॉफ्टवेअर सांगतं. जून २००८मध्ये सत्र न्यायालयानं तिला आणि तिच्या जोडीदाराला दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. पुरावे इतरही मांडले गेले होते, पण निकालात या चाचणीचा आधार स्पष्टपणे घेतलेला होता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली, परदेशातल्या मेंदूशास्त्रज्ञांनी कपाळावर हात मारला. पुढे उच्च न्यायालयातून दोघांना जामीन मिळाला. त्यांनी गुन्हा केला की नाही, हे मला माहीत असण्याचं काही कारण नाही. माझा प्रश्न फक्त यंत्राबद्दल आहे.

हे यंत्र मोजतं काय? ईईजी. हान्स बर्गर या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं १९२४मध्ये येना इथं माणसाच्या मेंदूतले विद्युतप्रवाह पहिल्यांदा नोंदवले आणि १९२९मध्ये ते प्रसिद्ध केले. गंमत अशी की, बर्गर या शोधाकडे वळला तो परचित्तज्ञानाच्या नादानं. तरुणपणी सैन्यात असताना तो एका अपघातातून थोडक्यात वाचला, आणि त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीला काहीतरी वाईट घडल्याची हुरहूर लागून घरच्यांची तार आली. एकाच्या मनातलं दुसऱ्यापर्यंत जातं कसं, याचा भौतिक आधार त्याला हवा होता. तो सापडला नाही. सापडलं ते वेगळंच, आणि फार मोलाचं: आज अपस्माराचं निदान, झोपेचा अभ्यास, भूल दिलेल्या रुग्णावर लक्ष ठेवणं यांत ईईजी लागतो. पण ज्या हौसेपोटी हे उपकरण जन्मलं ती हौस शंभर वर्षांत मेलेली नाही. तिनं फक्त लॅबकोट चढवलाय.

सिग्नल म्हणून ईईजी अतिशय हट्टी आहे. कवटीवरून मिळणारा व्होल्टेज काही दशक मायक्रोव्होल्टचा. पापणी लवली की शंभर मायक्रोव्होल्टच्या वरचा धक्का त्यावर स्वार होतो. दात आवळले की स्नायूंचा गोंगाट. घाम आला की सगळी रेघ हळूहळू वर-खाली झुलायला लागते. भिंतीतल्या वायरिंगचा पन्नास हर्ट्झ तर आपल्या पाचवीलाच पुजलेला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या विभागात ईईजीवरचे प्रकल्प जोरात होते. त्यांतला अर्धा वेळ मेंदूचा अभ्यास करण्यात कधीच जात नसे. जाई तो डोळे आणि जबडा वजा करण्यात. मुळात कवटीवरचा एक इलेक्ट्रोड लाखो चेतापेशींची बेरीज ऐकतो. वानखेडे स्टेडियमच्या बाहेर उभं राहून आतला जल्लोष ऐकण्यासारखं आहे ते. चौकार-षटकार काहीतरी झालं एवढं कळतं. नॉर्थ स्टँडच्या बाराव्या रांगेतला माणूस शेजाऱ्याला काय म्हणाला, हे कळत नाही.

तरीही या गोंगाटातून काही ठाम गोष्टी बाहेर आल्या आहेत, आणि त्यांचा अपमान करायचा माझा हेतू नाही. १९६५मध्ये सॅम्युएल सटन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, अनपेक्षित किंवा महत्त्वाची गोष्ट समोर आली की साधारण तीनशे मिलिसेकंदांनी सिग्नलमध्ये एक उंचवटा येतो. त्याला पी-३०० म्हणतात. तो इतका बारीक असतो की, एकदा बघून दिसत नाही. तीच गोष्ट अनेकदा दाखवून सरासरी काढली की दिसतो. याच उंचवट्यावर लॉरेन्स फारवेल आणि इमॅन्युएल डोंचिन यांनी १९८८मध्ये नुसत्या नजरेनं आणि लक्षानं अक्षरं टाइप करायची पद्धत बनवली. हातपाय-वाचा गेलेल्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट! विद्युत अभियांत्रिकी, संगणक आणि वर्तनाचं मेंदूशास्त्र या तिघांनी मिळून करायचं काम ते हेच, असं मला अजूनही वाटतं.

मग त्याच फारवेलनं ‘ब्रेन फिंगरप्रिंटिंग’ काढलं. गुन्ह्याचा तपशील दाखवा, पी-३०० आला तर समजा की हा तपशील त्याला ओळखीचा आहे. इथपर्यंतही कल्पना तपासून बघण्यासारखी होती. लोकांनी तपासली. पीटर रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये दाखवलं की, बिनमहत्त्वाच्या तपशिलांच्या वेळी बुटातल्या बुटात अंगठा हलवण्यासारख्या गुपचूप युक्त्या केल्या तर अशा चाचण्या सपशेल गंडतात. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २००१च्या अहवालात नोंदवलं की, सीआयए, एफबीआय वगैरे संस्थांना आपल्या कामात या तंत्राचा फारसा उपयोग दिसत नाही. पाळत ठेवण्याच्या बाबतीत या संस्थांचं मन फार मोठं आहे. त्यांनी नको म्हटलं यातच काय ते आलं.

आपण मात्र एक पायरी वर चढलो. निमहान्समधले माजी क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केलेली बीईओएस फक्त ओळख सांगत नाही. तिचा दावा असा की, एखादी गोष्ट नुसती माहीत असणं आणि ती स्वतः केलेली असणं, यांतला फरक ती सिग्नलवरून सांगते. क्षणभर थांबून हा दावा नीट वाचा. पोलीस कोठडीत आठवडाभर तुम्हाला कुणी विचारतंय, आर्सेनिक कुठून घेतलंस, प्रसादात कधी घातलंस. तुम्ही रात्री पडल्या पडल्या ते सगळं डोळ्यांसमोर आणताय, घाबरताय. त्यानंतर टोपी घालून तुम्हाला बसवतात आणि तुमच्याच तोंडचं वाटेल असं वाक्य ऐकवतात. त्या वाक्यानं मेंदूत काही हललं, तर ते कृतीच्या आठवणीनं की आरोपाच्या आठवणीनं? एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सांगितलं गेलं की, लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होतात. तसं घडलेलंच नव्हतं. चोवीसपैकी सहा जणांना ते पूर्ण किंवा अंशतः ‘आठवलं’. खोटी आठवण ज्याची त्याला खरीच वाटते. खुद्द त्या माणसाला जो फरक करता येत नाही, तो त्याच्या टाळूवरची तार करणार?

निमहान्सचे तेव्हाचे संचालक डी. नागराजा यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांच्या समितीनं ही तंत्रं तपासली आणि ती अशास्त्रीय आहेत, तपासासाठीही वापरू नयेत आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही, असं सांगितलं. ही बातमी २००८च्या सप्टेंबरात आली. पुण्याचा निकाल लागून तेव्हा तीनच महिने झाले होते.

आता माझ्या धंद्याच्या भाषेत बोलते. कुठलंही वर्गीकरण करणारं सॉफ्टवेअर बनवायचं तर उत्तरं आधीपासून माहीत असलेली उदाहरणं लागतात. हा ईमेल स्पॅम, हा नाही. हा व्यवहार फसवणुकीचा, हा नाही. हजारो उदाहरणांवर ते शिकतं, आणि त्यानं कधी न पाहिलेल्या उदाहरणांवर आपण ते तपासतो. खुनाच्या आठवणीची अशी उदाहरणं कुठून आणणार? कॉलेजच्या मुलांना शेजारच्या खोलीतून पाकीट चोरायला लावतात आणि मग त्यांची चाचणी घेतात. त्या मुलाला फाशीची भीती नाही, आई बाहेर रडत बसलेली नाही, तो तीन रात्री जागा नाही. प्रयोग संपला की त्याला चहा मिळतो. प्रत्यक्ष खटल्यांत ‘यंत्र बरोबर होतं’ हे कशावरून ठरवायचं? कबुलीवरून, किंवा निकालावरून. आणि कबुली आणि निकाल या दोन्हींवर यंत्राच्या अहवालाचं वजन आधीच पडलेलं असतं. शिक्षकानं उत्तर सांगायचं आणि मग विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्यायचे, तसला प्रकार.

संशोधन-निबंधांची अवस्था याहून फार बरी नाही. ईईजीवरून खोटं पकडल्याचे, ताण ओळखल्याचे, हेतू ओळखल्याचे निबंध इंजिनिअरिंगच्या परिषदांत ढिगानं येतात. वीस-पंचवीस जणांचा डेटा, आणि अचूकता नव्वदीच्या पुढे. यातले बरेच आकडे कसे येतात ते सांगते. एकाच माणसाच्या तासाभराच्या सिग्नलचे शेकडो तुकडे करायचे, काही तुकड्यांवर शिकवायचं, उरलेल्यांवर तपासायचं. सॉफ्टवेअर खोटेपणा शिकत नाही. ते अमुक माणसाच्या कवटीची जाडी आणि त्या दुपारी इलेक्ट्रोड कितपत घट्ट बसला होता, ते शिकतं. नवा माणूस आणला की अचूकता नाणं उडवण्याइतकी होते. हे कुणाला कळत नाही असं अजिबात नाही. इंजिनिअरला वाटतं, आपण सिग्नल स्वच्छ केला, आत अर्थ काय ते मानसशास्त्रज्ञ बघेल. मानसशास्त्रज्ञाला वाटतं, गणित इंजिनिअरनं तपासलंच असेल. न्यायाधीशांना वाटतं, प्रयोगशाळेचा शिक्का आहे म्हणजे दोघांनी तपासलंय. तिघंही आपापल्या जागी सज्जन, आणि मधल्या फटीतून माणूस तुरुंगात जातो.

२००९मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा एमआरआयमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि फोटोतल्या माणसाला काय वाटत असेल असं रीतसर विचारलं. सांख्यिकीतली एक आवश्यक दुरुस्ती वगळली तर माशाच्या मेंदूत ‘प्रतिक्रिया’ दिसली! २०१२मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, लोक हसले. त्या क्षेत्राची थोरवी अशी की, तो मासा त्यांनी स्वतःच स्वतःच्या तोंडावर मारून घेतला. आपल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांत असा मासा कुणी आणल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बरं, क्षणभर धरून चालू की यंत्र उत्तम आहे, दोन्ही बाजूंनी पंच्याण्णव टक्के अचूक. एका गावात खून झाला आणि पोलिसांनी दोनशे जणांना बोलावलं, त्यांत खुनी एक. यंत्र खुन्याला बहुधा पकडेल. उरलेल्या एकशे नव्याण्णव निरपराधांपैकी पाच टक्के, म्हणजे सुमारे दहा जणांवरही बोट ठेवेल. अकरा लाल खुणा, त्यांतली एक खरी. ‘पंच्याण्णव टक्के अचूक’ हे शब्द न्यायालयात उच्चारले की ऐकणाऱ्याला वाटतं, समोरचा माणूस दोषी असण्याची शक्यता पंच्याण्णव टक्के. असते ती अकरात एक. आणि ही आकडेमोडसुद्धा चूक होण्याचं प्रमाण माहीत असेल तरच करता येते. बीईओएसच्या बाबतीत ते स्वतंत्रपणे मोजून कुणी न्यायालयापुढे ठेवलंच नव्हतं. पंच्याण्णव हा मी औदार्यानं दिलेला आकडा आहे.

‘डीएनएलाही सुरुवातीला लोक असंच म्हणायचे’ हा यावरचा आवडता प्रतिवाद. म्हणत असतील. पण डीएनएची पहिली मोठी पोलीस केस आठवा. १९८६मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरशरमध्ये दोन मुलींच्या खुनांचा तपास चालू होता आणि सतरा वर्षांच्या एका मुलानं त्यातल्या एका खुनाची कबुली दिली होती. अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या चाचणीनं सांगितलं की, दोन्ही गुन्ह्यांतला माणूस एकच आहे आणि तो हा मुलगा नाही. कबुली दिलेला मुलगा सुटला, खरा गुन्हेगार पुढे सापडला. त्या चाचणीमागे आनुवंशिकतेचं स्पष्ट गणित होतं, दुसऱ्या प्रयोगशाळेत ती पुन्हा करता येत होती, आणि पोलिसांना नको असलेलं उत्तर ती देऊ शकत होती. मेंदूच्या टोपीला यातलं एक तरी लावून दाखवा, मी हा लेख मागे घेईन.

आता हक्कांच्या बाजूकडे येते. सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात निकाल दिला: नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची विद्युत चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही हे कलम २० (३), आणि व्यक्तिस्वातंत्र्य हे कलम २१. मोठा निकाल, शंका नाही. या तंत्रांच्या विश्वासार्हतेबद्दल त्यात पानंच्या पानं आहेत, आणि ती वाचण्यासारखी आहेत. पण निकालाचा सगळा भार पेलला आहे संमतीनं. संमती असेल तर चाचणी करा. तिचा अहवाल थेट पुरावा होणार नाही, मात्र तिच्यातून पुढे काही वस्तू वा माहिती हाती लागली, तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली ती ग्राह्य धरता येईल.

दार असं किलकिलं राहिलं, आणि यंत्र आत आलं. २०२०मध्ये हाथरस प्रकरणातल्या आरोपींना बीईओएससाठी गांधीनगरला नेल्याच्या बातम्या आपण वाचल्याच. पुण्याच्या त्या मुलीनंसुद्धा, तेव्हाच्या बातम्यांनुसार, चाचणीला होकार दिला होता. म्हणजे सेल्वीचा निकाल चाचणीच्या आधी आला असता, तरी तिच्या डोक्यावरची टोपी टळली नसती. कोठडीतल्या माणसाची संमती ही काय चीज असते? नाही म्हटलं तर ‘लपवायला काही आहे म्हणून घाबरला’ अशी सायंकाळची बातमी. हो म्हटलं तर यंत्राच्या हवाली. निरपराध माणूस तर उत्साहानं हो म्हणतो, कारण त्याचा विज्ञानावर विश्वास असतो.

म्हणून माझं हक्कवाल्या मित्रमैत्रिणींना सांगणं आहे की, ‘विचारांचं स्वातंत्र्य’, ‘मेंदूचं खासगीपण’ हे शब्द इथं जपून वापरा. कुडमुड्या जोशाविरुद्ध कुणी भविष्याच्या खासगीपणाचा दावा लावत नाही. त्याला म्हणतात, तुला भविष्य कळतं हे आधी सिद्ध कर.

पोलिसांच्या बाजूनं एक युक्तिवाद असा केला जातो की, विज्ञान नसेल तर पट्टा आहेच, मग निदान टोपी बरी. माणुसकीच्या वेशातली ही धमकी आहे. वर ती खरीही नाही. लाल खूण दाखवून ‘मशीननं सांगितलंय, आता बोल’ असं म्हणण्याची सोय झाल्यावर पट्टा कमी लागतो की जास्त जोरानं लागतो? ज्याला आतापर्यंत शंका होती त्या अधिकाऱ्याची शंकाही अहवालानं संपते, आणि दुसऱ्या कुणाचा माग काढायचा तो थांबतो. वाया गेलेल्या त्या तपासाची किंमत मारल्या गेलेल्या माणसाचं घरही मोजतं.

मागणी काय, तर फार काही नाही. ज्यांना ही चाचणी वापरायची आहे त्यांनी तिची परीक्षा द्यावी. दोषी आणि निर्दोष कोण हे चाचणी घेणाऱ्याला माहीत नसताना, मोठ्या संख्येनं, बाहेरच्या संस्थेकडून. चुका किती होतात तो आकडा जाहीर करावा. सॉफ्टवेअरचा निर्णय कोणत्या नियमानं होतो ते उघड करावं. व्यावसायिक गुपित असेल तर ते कंपनीकडे सुखरूप राहू दे, खटल्यात नको. तोवर प्रयोगशाळांनी हे अहवाल देणं बंद करावं, संमती असली तरीही. आणि आजवर ज्यांच्या चाचण्या झाल्या त्यांच्या वकिलांना कच्चं रेकॉर्डिंग द्यावं. तीस चॅनेल, सेकंदाला दोनशे छप्पन्न नमुने, एका नमुन्याला दोन बाइट. तासाभराचं सगळं मिळून पंचावन्न एमबीच्या आसपास होतं. नातेवाइकांच्या ग्रुपवर येणारे लग्नाचे व्हिडिओ याहून मोठे असतात. ही फाइल बचाव पक्षाला द्यायला नक्की काय अडचण आहे?